आवर: फायलींच्या पसाऱ्यातला एक दिवस

सकाळी ७

वाचनालयाच्या हार्ड डिस्कची प्रत रात्रीच करून ठेवली आहे. मूळ डिस्क कपाटात कुलपात आहे. आज जे काही करायचं ते प्रतीवर. फायलींना घाऊक हात लावणारं साधन घडवताना हा पहिला नियम, आणि त्याला सूट नाही.

डिस्कवर तालुक्याच्या एका सार्वजनिक वाचनालयातले जुने दिवाळी अंक आहेत, पान न् पान स्कॅन केलेले. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही प्रथा रुजली. गावोगावच्या वाचनालयांत अशा अंकांचे बांधीव खंड आजही सापडतात. कागद पिवळा पडतो, शिलाई सुटते, म्हणून स्वयंसेवकांनी ते स्कॅन केले. कुणी स्कॅनरवर, कुणी कॅमेऱ्याने, कुणी फोनने. ज्याने त्याने आपल्याला सुचेल तसं नाव दिलं. कुठे ‘दिवाळी अंक १९६२ पान १’, कुठे तेच रोमन अक्षरांत. त्यातही दिवाळीचं स्पेलिंग कुणी डब्ल्यूने केलंय, कुणी व्हीने, कुणी ‘दीपावली’च लिहून मोकळं झालंय. कॅमेऱ्याच्या फायलींना तर माणसाने नाव दिलेलंच नाही. कॅमेऱ्यांच्या सामाईक नियमाप्रमाणे चार अक्षरं आणि ०००१ ते ९९९९ मधला एक आकडा, एवढंच. आकडा संपला की मोजणी पुन्हा एकापासून. त्यामुळे एकाच नावाची, पण वेगवेगळ्या अंकांतली पानं शेजारशेजारच्या फोल्डरांत बसली आहेत.

विंडोजमध्ये सगळ्या फायली निवडून एफ-२ दाबलं की सगळ्यांना एकच नाव आणि कंसात आकडा मिळतो. लग्नाच्या फोटोंना ते पुरतं. इथे नाही पुरत, कारण इथे जुन्या नावातच माहिती दडलेली आहे. ती काढून घेऊन मग नवं नाव द्यायचं आहे.

सकाळी ८

साधनाचं नाव ‘आवर’. टर्मिनलवर रोमन अक्षरांत टाइप करायचं, पण शब्द मराठीच. त्याच्या तीन आज्ञा: दाखव, बदल, परत. ‘दाखव’ फक्त योजना मांडते आणि एकाही फायलीला स्पर्श करत नाही. ‘बदल’ ती योजना अमलात आणते. ‘परत’ केलेलं सगळं उलटवते. पुसण्याची आज्ञा नाही, आणि मी ती कधीच घालणार नाही. ज्याला फाइल पुसायची आहे त्याने ती स्वतः, एकेक, डोळे उघडे ठेवून पुसावी.

भाषा पायथन. ‘आर्गपार्स’ हे आज्ञा समजून घेणारं अंग पायथनसोबतच येतं आणि वाटा हाताळणारं ‘पाथलिब’सुद्धा, त्यामुळे वाचनालयाच्या संगणकावर पायथनखेरीज काही बसवावं लागणार नाही. हे महत्त्वाचं आहे. तिथे इंटरनेट येतं-जातं, आणि पाच-दहा जोडलायब्रऱ्या लागणारं साधन सहा महिन्यांत बंद पडतं.

‘आवर’ला फायलींची यादी द्यायची नाही, फोल्डर द्यायचं. लिनक्सवर तारांकन टाकलं की शेल स्वतःच त्याचा विस्तार करून सगळी नावं आज्ञेपुढे मांडतं, आणि फायली फार झाल्या की यादी फार लांब झाल्याची तक्रार करून थांबतं. विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट तारांकन जसंच्या तसं पुढे ढकलतो. दोन संगणकांवर दोन वागणुका नकोत. फोल्डर सांगावं, आतलं ‘आवर’ने मोजावं.

सकाळी साडेनऊ

क्रमवारी. संगणक नावं अक्षराअक्षराने लावतो, म्हणून १ नंतर १०, मग ११, आणि २ कुठेतरी खाली. त्यात या डिस्कवर आकडे दोन लिपींत आहेत. युनिकोडमध्ये इंग्रजी आकडे फार आधी येतात आणि देवनागरी ०९६६ पासून, त्यामुळे इंग्रजी आकड्यांची सगळी पानं वर जातात आणि देवनागरीची सगळी खाली, मग अंक एकच का असेना.

इथे पायथन फार उपयोगी पडतं. ‘१२’ ही देवनागरी अक्षरं त्याला दिली की तो त्यांची बारा ही संख्या करून देतो, वेगळं काही सांगावं लागत नाही. त्याच्या रेगेक्समधलं, म्हणजे मजकुरात नमुने शोधण्याच्या भाषेतलं, ‘कोणताही आकडा’ हे चिन्हही देवनागरी आकडे ओळखतं. नावातून आकडा काढायचा, त्याची संख्या करायची, संख्येने क्रम लावायचा आणि लिहिताना पुढे शून्यं भरून चार आकडी करायची. अर्ध्या तासात काम झालं.

सकाळी १०

अर्धा तास लागेल असं वाटणारं काम, जे दुपारपर्यंत जातं.

स्वयंसेवकांपैकी एकाने ‘दुसऱ्या सहामाहीचे अंक’ असं फोल्डर केलं. दुसऱ्याने दुसऱ्या आणि तिसऱ्याने तिसऱ्या संगणकावर तसंच फोल्डर केलं आणि तिन्ही एकत्र आणून ठेवली. आता डिस्कवर त्या नावाची तीन फोल्डरं शेजारीशेजारी दिसतात. नाव तेच, स्पेलिंग तेच, काना-मात्रेचा फरक नाही. एका फोल्डरमध्ये एका नावाची तीन फोल्डरं असूच शकत नाहीत, तरी आहेत.

भानगड ‘ऱ्या’त आहे. मराठीतला हा आडवा, पापणीसारखा र संगणकात तीन प्रकारे लिहिला जातो. पहिला प्रकार: ‘ऱ’ला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक आहे, ०९३१. तो, मग हलंत, मग य. दुसरा: साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलंत, मग य. तिसरा: साधा र, हलंत, मग न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे, फाइलव्यवस्थेच्या लेखी तीन निराळी नावं. लिनक्सची ‘ईएक्सटी४’ फाइलव्यवस्था नावाकडे निव्वळ बाइटांची माळ म्हणून बघते आणि विंडोजची ‘एनटीएफएस’ही हे तीन प्रकार एक मानत नाही. मॅकवरच्या जुन्या ‘एचएफएस प्लस’ची रीत तर ‘ऱ’सारखी जुळलेली चिन्हं सुटी करून ठेवण्याची. २०१७ मध्ये आलेली ‘एपीएफएस’ नाव दिलं तसं ठेवते, मात्र शोधताना दोन्ही रूपं एकच धरते. एक पेनड्राइव्ह या तीन संगणकांतून फिरला की काय होतं ते डिस्कवर दिसतंच आहे.

पहिल्या दोन प्रकारांना युनिकोडनेच औषध दिलं आहे: सामान्यीकरण. ‘एनएफसी’ या रूपात नेलं की र आणि नुक्ता मिळून एक ‘ऱ’ होतो. पायथनमध्ये ही एका ओळीची गोष्ट. तिसऱ्याला मात्र हे औषध लागू नाही. सामान्यीकरणाच्या नजरेत तो वेगळाच शब्द आहे. ‘ऱ’ आणि हलंताने हा र लिहायची रीत भारतीय प्रमाण ‘इस्की’पासूनची. जोडचिन्हाची रीत युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी चालू ठेवलेली. दोन्ही वैध, म्हणून दोन्ही आपल्या कीबोर्डांवर टिकून आहेत.

तेव्हा स्वतःचा नियम लिहिते: र, हलंत आणि जोडचिन्ह असे लागोपाठ दिसले तर त्या जागी ‘ऱ’ आणि हलंत. बाकी जोडचिन्हांना हात लावायचा नाही. अनेक ‘नावसफाई’ साधनं न दिसणारी सगळी चिन्हं कचरा समजून झाडून टाकतात. इथे तसं केलं तर पापणीचा र जाऊन डोक्यावर रफार बसेल आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होईल. शुद्धलेखनाची चूक संगणकाने घुसवलेली आणि तीही शेकडो नावांत एकदम.

हा नियम लिहायला दोन ओळी लागतात. तो बरोबर आहे याची खात्री करायला तास जातो, आणि तो द्यायलाच हवा. सुऱ्या, वाऱ्यावर, दऱ्याखोऱ्यांत, बिचाऱ्या: चाचणीच्या फाइलमध्ये प्रत्येक शब्द तिन्ही प्रकारांनी लिहून ठेवते. त्यांच्या शेजारी सूर्य, कार्य, धैर्य, ज्यांचा रफार मुळीच हलता कामा नये.

दुपारी साडेबारा

सफाईचा आणखी एक सापळा. नावांतली अनावश्यक चिन्हं, म्हणजे दुहेरी जागा, कंस, उद्गारचिन्हं, काढायची आहेत. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतली रीत अशी की रेगेक्सला सांगायचं, ‘शब्दात न येणारं सगळं काढ’. पायथनच्या मूळ रेगेक्समध्ये शब्दात येणारं म्हणजे अक्षर, आकडा किंवा अधोरेखा. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलंत ही त्याच्या हिशेबी अक्षरं नव्हेत. त्यामुळे ‘मराठी’चं ‘मरठ’ होतं आणि ‘दिवाळी’चं ‘दवळ’.

ही गोष्ट मी मुद्दाम विस्ताराने लिहिते आहे. जगभर वापरली जाणारी साधी सोपी स्क्रिप्ट आपल्या फायलींवर चालवली की भाषेची हाडं मोडतात, आणि स्क्रिप्ट मात्र ‘यशस्वी’ म्हणून शून्य हा निकाल देऊन बाहेर पडते. म्हणून ‘आवर’मध्ये उलट दिशेने जायचं. काय ठेवायचं याची यादी न करता काय काढायचं तेवढंच नेमकं लिहायचं. विंडोजला न चालणारी नऊ चिन्हं, कंस, उद्गारचिन्हं, नावाच्या शेवटी राहिलेली जागा किंवा टिंब, लागोपाठच्या जागा. बाकी सगळं जसंच्या तसं.

दुपारी २

जेवणानंतर ग्रंथपाल ताईंचा फोन. नवं नाव कसं असावं याची चर्चा आठवडाभर चालू आहे आणि शेवटचा शब्द त्यांचाच, कारण अंक मागायला लोक त्यांच्या टेबलापाशी येतात.

“अगं, वर्ष आधी घे. माणसं वर्ष विचारत येतात. त्यांच्या जन्मसालचा अंक हवा असतो.”

“आणि पान क्रमांक छापलेला घेऊ ना, ताई?”

“छापलेला कसा घेशील? जाहिरातींच्या पानांवर बहुधा आकडाच नसतो. मुखपृष्ठाचं काय करशील?”

खरंच आहे. छापील क्रमांक घेतला तर जाहिरातींची पानं एक तर गळतील किंवा सगळी एकाच आकड्यावर येऊन आदळतील. शेवटी ठरतं ते असं: वर्ष, अंकाचं नाव आणि स्कॅनच्या क्रमाने चार आकडी प्रतिमा क्रमांक, मुखपृष्ठ नेहमी ०००१. छापील पानाचा आकडा वेगळ्या सूचीत.

“लेखकांची नावं?”

“तीही सूचीतच. फायलीच्या नावात किती कोंबशील?”

आकडे देवनागरीच ठेवायचे, हा आग्रह दोघींचाही. युनिकोडमध्ये तेही शून्यापासून नऊपर्यंत ओळीने बसवलेले आहेत, तेव्हा सगळीकडे एकच लिपी असली की क्रम बिघडत नाही.

दुपारी ३

आता साधनाचं काळीज.

एका अंकाचं मुखपृष्ठ शेवटी स्कॅन झालंय. ते ०००१ व्हायला हवं आणि बाकीची सगळी पानं एकेकाने पुढे सरकायला हवीत. पहिलं दुसरं होणार, दुसरं तिसरं. आता हे भोळेपणाने वरून खाली करत गेलं तर? लिनक्सवर नाव बदलण्याची मूळ हाक नव्या नावाची फाइल आधीच असेल तर काही न विचारता तिच्या जागी बसते. म्हणजे पहिलं पान दुसऱ्याला गिळतं, मग तेच तिसऱ्याला गिळतं, आणि अखेरीस अंकाचं एकच पान उरतं. चूक झाल्याचा एक शब्दही पडद्यावर येत नाही. विंडोजवर पायथन इथे निदान अडतो आणि फाइल आधीच आहे असं सांगतो. लिनक्सच्या गाभ्यात ‘वर लिहू नकोस’ असं बजावण्याची सोय २०१४ साली ३.१५ या आवृत्तीत आली, पण पायथनच्या साध्या हाकेतून ती मिळत नाही.

मुखपृष्ठ आधी बाजूला ठेवून शेवटून सुरुवात केली तर ही सरकती रांग सुटते. पण दोन पानांची अदलाबदल असेल तर कुठूनही सुरू करा, अडतंच. म्हणून दोन टप्पे. आधी सगळ्या फायलींना तात्पुरती नावं, मग तात्पुरत्यावरून अंतिम. काम दुप्पट होतं, पण नाव बदलताना फायलीच्या आतलं काहीच हलत नाही, फक्त फोल्डरमधली नोंद बदलते. मोठ्या टिफ प्रतिमेलाही छोट्या चिठ्ठीएवढाच वेळ. नावाच्या शेपटाची, म्हणजे एक्स्टेन्शनची, मोठी अक्षरं लहान करायची असली, तर विंडोजला जुनी आणि नवी फाइल एकच वाटते. तो पेचही या दोन टप्प्यांत आपोआप सुटतो.

तात्पुरतं नाव म्हणजे मूळ नावामागे एखादी खूण जोडणं, ही नेहमीची पद्धत. इथे ती धोक्याची आहे. ईएक्सटी४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे फार तर ८५ चिन्हं. कथेचं पूर्ण शीर्षक लिहिणाऱ्या स्वयंसेवकाने दिलेली नावं या काठावर येऊन टेकतात, खूण जोडली की पलीकडे जातात. विंडोज बाइट न मोजता २५५ चिन्हं मोजतं, म्हणून तिथे ही नावं बिनघोर चालली. ‘आवर’ तात्पुरतं नाव म्हणून नुसता अनुक्रमांक देतं. अंतिम नाव मर्यादेबाहेर गेलंच तर ते आपण होऊन कापत नाही, योजनेत ती ओळ दाखवून थांबतं. कुठे कापायचं हे माणसाने ठरवावं.

दुपारी साडेचार

पहिला टप्पा झाला आणि लाइट गेली तर? तालुक्याच्या गावात हा प्रश्न रोजचा आहे. फायली अनुक्रमांकांच्या नावाने पडून राहतील आणि कोण कुठलं ते कुणालाच कळणार नाही.

म्हणून वही. किराणा दुकानदार माल उधारीवर देण्याआधी वहीत नाव टाकतो, तसं ‘आवर’ प्रत्येक बदलाआधी ओळ लिहितं: जुनं नाव, तात्पुरतं नाव, नवं नाव. नुसतं लिहून भागत नाही, कारण संगणक लिहिलेलं काही काळ स्मृतीतच ठेवतो. ‘हे आत्ता, खरोखर डिस्कवर उतरव’ असा हुकूम द्यावा लागतो आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. त्याने वेग घटतो. घटू दे. जो वेग मोजायचा आहे तो ताईंचा आहे: उजव्या क्लिकने एकेक नाव बदलण्यात त्यांचे जे महिने जाणार होते ते.

चाचणी कठोर हवी. एक छोटी स्क्रिप्ट ‘आवर’ चालू करते आणि मध्येच, कुठल्याही क्षणी, त्याला ठार करते. मग ते पुन्हा सुरू होतं, वही वाचतं, अर्धवट काम ओळखतं आणि विचारतं: पुढे नेऊ की परत फिरवू? दोन्ही वाटांनी सगळ्या फायली जागेवर मिळायला हव्यात. स्क्रिप्ट शेजारच्या खिडकीत चालू ठेवून चहा घेते.

संध्याकाळी ६

दुबार फायली. आधी आकार जुळतो का बघायचं, जुळला तरच ‘शा-२५६’, म्हणजे फायलीच्या बाइटांचा ठसा, काढायचा. वेगळ्या आकाराच्या फायली सारख्या असूच शकत नाहीत, मग त्या वाचण्यात वेळ कशाला घालवायचा? मिळालेल्या दुबार प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये सरकवायच्या, त्याचीही नोंद वहीत. एकच पान दोनदा स्कॅन झालं असेल तर ते यात सापडणार नाही, कारण दोन स्कॅनचे बाइट वेगळे असतात. ते डोळ्यांनीच बघावं लागेल, आणि दोन्हींतलं कुठलं अधिक स्वच्छ आलंय हेही.

संध्याकाळी ७

विंडोजवर. योजना पडद्यावर छान दिसते, पण फायलीत वळवली की पायथन जुन्या कोडपेजने लिहू बघतो आणि देवनागरीपाशी कोसळतो. लिहिताना यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगून टाकते. ताई योजना एक्सेलमध्ये तपासणार, म्हणून सीएसव्हीच्या अगदी सुरुवातीला बाइट-क्रमाची खूणही टाकते. ती नसेल तर दुहेरी क्लिकने उघडल्यावर एक्सेल मराठीऐवजी भलतीच अक्षरं दाखवतं.

पडद्यावर मात्र तक्ता नको. बऱ्याच टर्मिनलांना मात्रांची रुंदी नीट मोजता येत नाही, त्यामुळे रकाने वाकडेतिकडे होतात. जुनं नाव एका ओळीत, नवं त्याखाली, मग एक कोरी ओळ. साधं आहे आणि वाचता येतं.

रात्री ९

संपूर्ण प्रतीवर पहिली फेरी. आधी प्रत्येक फायलीचा शा-२५६ काढून यादी करते. मग दाखव, मग बदल, आणि पुन्हा यादी. नावं बाजूला ठेवून दोन्ही याद्या क्रमाने लावून ताडते. एकाही फायलीचा आशय बदललेला नाही, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. त्यानंतर परत. जुनी नावं बाइटसकट जशी होती तशी यायला हवीत, ‘दुसऱ्या सहामाही’ची तिन्ही फोल्डरंसुद्धा, त्यांच्या तीन तऱ्हांच्या ‘ऱ्या’सह. येतात.

योजनेची सीएसव्ही ताईंना मेल करते. ज्या ओळींत वर्ष कळलं नाही त्या सगळ्यांत वर, कारण माणसाची नजर आधी तिथे जायला हवी. वाचनालय सकाळी आठला उघडतं. मूळ डिस्क लावायची ती त्यांनी त्या ओळी भरल्यावर, आणि ‘बदल’ टाइप करायचं ते त्यांनीच.